जनाज्याची चाल

बाळू टपालाची थैली पाठीवर घेऊन महाडाहून पोलादपूरपर्यंत पळत जाई. त्याचा मुलगा राघू त्याच वाटेने पळाला. राघूचा जानू टपालात नव्हता, तरी गावात कुठे दवा-डॉक्टर लागला की त्यालाच पिटाळत. आणि जानूचा सुहास, वय वर्षे एकोणसाठ, तुडीलच्या रस्त्यावर सकाळी सहा वाजता विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत दात आवळून पळत होता. डाव्या खुब्यात धातूचा सांधा बसवून सात महिने झाले होते.

"डॉक्टरांनी चालाया सांगितलाय, पळाया नाय!" बायको शर्मिला दारातून ओरडली. "दुसरा खुबा काय बाजारातून आणणार हाव?"

सुहास पुढच्या खांबाकडे वळला. पळण्याचे कारण तिलाही ठाऊक होते.

महापुराच्या वर्षी झिजलेल्या खुब्यामुळे त्याला पाऊल टाकवत नव्हते. घरात छातीभर पाणी चढले, तेव्हा शेजारच्या ट्रकवाल्या झकेरियाने त्याला खांद्यावर घातले आणि शाळेच्या टेकाडावर नेऊन ठेवले. वाटेत तो दोनदा बुडाला, पण सुहासला सोडले नाही. शस्त्रक्रियेनंतर झकेरिया भेटायला आला, तेव्हा सुहास म्हणाला, "हे फेडू कसं रे?"

"मी मेल्यावर खांदा दे," झकेरिया हसला. "पन आमचा जनाजा रमतगमत नाय जात, झपाझप जातो. तुझा लोखंडी खुबा मागं राहिला, तर मी तिथंच उठून बसेन, हां!"

यकृताच्या दुखण्याने त्याला आतून पोखरले होते, हे त्या दिवशी त्याची बायको महरुन्निसा सोडल्यास कुणालाच ठाऊक नव्हते. चैत्रात त्याने अंथरूण धरले, आणि सुहासने धावणे.

मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत अकरा खांब. वैशाखाच्या अखेरीस सुहास न थांबता नऊ खांब पळू लागला, आणि त्याच शुक्रवारी झकेरिया गेला.

"चाचा, तुम्ही मागून या सावकाश," झकेरियाचा मुलगा अकिब म्हणाला.

"पुढचा दांडा दे."

जनाजा निघाला. माणसे खांदे बदलत होती. दर वेळी कुणीतरी हात पुढे करी, दर वेळी सुहास मान हलवी. नऊ खांब पायांनी नेले. दहाव्याला खुब्यात सुरी फिरली, डोळ्यांपुढे अंधारून आले. अकिबने ते पाहिले आणि चाल जरा मंदावली.

"चाल तोडू नको रे," सुहास पुटपुटला. "ऐकतोय तो."

खड्ड्यात तीन मुठी माती लोटून, कुणाचाही हात न धरता तो घरी आला. डावा पाय जमिनीला घासत होता. तो पाय पुन्हा कधी धावला नाही. शर्मिलाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फिटलं?" तिने विचारले.

"पुरतं फिटलं गो."

त्याने बूट उतरवले. टाचांतली कब्रस्तानाची तांबडी माती उंबऱ्यावर सांडली. शर्मिलाने त्या दिवशी केरसुणी हाती घेतली नाही.