दाराशी ठेवलेल्या चपला

डिझाइनच्या वर्गात तिला सगळे टकळी म्हणत आणि त्यात कुणाचा फारसा दोष नव्हता. तिचं चित्र भिंतीवर लागायच्या आधीच तिचं तोंड सुरू व्हायचं. हा रंग का, ती रेघ तिरकी का, कोपरा रिकामा का. बघणाऱ्याला बिचाऱ्याला डोळे उघडायलाही सवड मिळत नसे.

सरांचा नियम साधा होता. वर्ग चित्राविषयी बोलत असेल तोवर, ज्याचं चित्र त्यानं अवाक्षर काढायचं नाही. काढलं, तर चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहणार आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनातून बाद होणार. मागच्या वर्षी टकळीचं चित्र असंच उभं राहिलं होतं, शिक्षा झालेल्या पोरासारखं.

"या खेपेला तोंडाला चिकटपट्टी लावू का?" शेजारी बसणाऱ्या लंबूनं विचारलं.

"तुझ्याच लाव. वर्गात घोरताना उपयोगी पडेल."

पण आजची गोष्ट वेगळी होती. हे चित्र तिच्या घरातलं होतं. काळ्या शाईतलं अर्धवट उघडं दार आणि दाराशी चपलांचा एक जोड, बाकी काही नाही. बाबांशी भांडून दादा नव्या बुटांत पाय घालून निघून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. घरात वापरायच्या चपला तेवढ्या मागे राहिल्या. त्याचा फोन आला की आई बोलायची. ही मात्र उठून दुसऱ्या खोलीत जायची. जाताना एकदा वळून बघायला त्याचं काय जात होतं? तो सगळा राग तिनं शाईत कालवला होता. चित्राखाली लावायची नावाची पट्टीही लिहून तयार होती: 'गेला तो गेलाच'. ती तिच्या मुठीत होती.

सरांनी चित्र टांगलं. "हं, बोला."

"कुणीतरी आत्ताच घरी आलंय," पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

टकळी ताडकन उठली. सरांनी नुसती भुवई उचलली. ती ओठ दाबून खाली बसली.

"आणि दमून आलाय," लंबूनं री ओढली. "दार लावायचंही राहिलंय गड्याचं."

आंधळे आहेत की काय सगळे! तिला ओरडावंसं वाटलं.

"आलंय कशावरून? गेलंही असेल," सर म्हणाले.

चष्मेवाली उठून चित्राजवळ गेली. "सर, चपलांची टोकं घराच्या आतल्या बाजूला वळलेली आहेत. आणि बघा ना, दोन्ही कशा जुळवून ठेवल्यात. नुसत्या काढलेल्या नाहीत या. कुणीतरी ठेवल्यात."

टकळी चित्राकडे बघतच राहिली. दादानं जन्मात कधी चपला जुळवून ठेवल्या नव्हत्या. एक दाराशी, तर दुसरी पार खुर्चीखाली. महिनाभर समोर बसून तिनं त्या रेखाटल्या होत्या. हातानं समोरचं इमानानं उतरवलं होतं. ती स्वतः मात्र डोक्यातलंच बघत बसली होती.

"आता तू बोल," सर म्हणाले.

सगळा वर्ग सरसावून बसला.

"मला अजून नीट बघायचंय, सर."

"सर, हिला दवाखान्यात न्यायला हवं," लंबू म्हणाला आणि वर्ग खदखदून हसला. सरही हसले. "चित्र प्रदर्शनात लागेल. नाव सावकाश दे."

तिनं पट्टी खिशात कोंबली.

ती घरी पोचली तेव्हा आई फरशी पुसत दारापर्यंत आली होती. आईनं चपला उचलल्या, खालची जागा पुसली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. टोकं आत.

"आई, अशाच का ठेवतेस गं?"

"मग कशा ठेवू? बाहेर तोंड केलं की माणूस निघालाय असं वाटतं." आईनं फडकं पिळलं. "सरक बाई, ओल्यात पाय देऊ नकोस."

टकळी बाहेर पायरीवर जाऊन बसली. खिशातली पट्टी काढून तिनं उलटी केली. मागची बाजू कोरी होती. ती तशीच राहू दिली. मग तिनं फोन लावला.

"कोण? तू?" दादाचा आवाज आला. "अगं, बोल की! आज टकळी बंद कशी?"

"तू बोल, दादा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."