वजा एक्केचाळीस

मी एक जुना वजनकाटा आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहतो. या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक हिरवा पडदा, औषधांचे एक कपाट, भिंतीवर एक तक्ता आणि खिडकीखाली एक बाक आहे. माणूस एकही नाही, कारण दुपारची जेवणाची सुट्टी आहे. तरी माझा काटा एक्केचाळीस किलोवर उभा आहे.

मित्रांनो, घाबरू नका. सुरुवातीला मीही घाबरलो होतो.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या, पाठीवर रबर चिकटवले आणि मग माझी परीक्षा घेतली. वीस किलो ठेवले की मी वीस दाखवी, पन्नास ठेवले की पन्नास. तपासनीस म्हणाला, "याच्यात खोट नाही," आणि त्याने मला शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

इथे आलो तेव्हा बायका पोट दिसू लागल्यावरच यायच्या, त्याही सासूच्या मागे मागे. मग काही जणी दिवस राहू नयेत म्हणून गोळ्यांसाठी येऊ लागल्या. पाकीट कपड्यांच्या आत दडवून न्यायच्या. काहींनी तांबी बसवून घेतली. नंतर तीन महिन्यांची सुई आली आणि तीच सर्वांत लाडकी ठरली, कारण ती घरी न्यावी लागत नाही. एकदा दंडात गेली की घरच्यांना सापडायला काही उरत नाही. तक्त्यावरची रेघ दरवर्षी वर चढत गेली. मोठे साहेब यायचे आणि रेघेचे कौतुक करून जायचे. त्या तक्त्यात आलेल्या बायका मोजल्या जात. यायचे होते, पण येता आले नाही, अशा बायकांसाठी त्यात जागा नव्हती.

त्यांपैकीच एक शिवणवाली. तिला चार लेकरे होती आणि अंगात रक्त कमी. नर्सबाईंनी तिला बजावले होते, "आता पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल." घरात मात्र सगळ्यांना अजून एक हवे होते. म्हणून ती तान्हीचे वजन करायचे निमित्त काढून येई. आधी तान्हीला कडेवर घेऊन माझ्यावर उभी राही, मग एकटी. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की तान्हीचे वजन निघे. मग पडद्याआड सुई.

"बाई, तुमच्या काट्याला सांगा की मला जरा जाड दाखव."

"त्याला चहा पाजलास तरी तो ऐकायचा नाही."

ती चपला काढून आधी डावा पाय ठेवी, जरा थांबे, मग उजवा. तिचे पाय मला चांगले ओळखीचे झाले होते.

एके दिवशी तान्हीला घेऊन तिची सासू आली.

"सून कुठंय?" नर्सबाईंनी विचारले.

"घरी. शिवणाचा ढीग पडलाय. म्हटलं, तू बस, वजनाला मी नेते."

"तिलाच पाठवा हो."

"अहो, कोणीही उभं राहिलं तरी पोरीचं वजन तेवढंच भरणार ना? तिला तेवढाच विसावा."

हिशेब अगदी बरोबर होता. पडद्यामागे ट्रेमध्ये सुई भरून ठेवलेली होती. नर्सबाई बोलल्या असत्या तर गुपित फुटले असते. त्यांनी तान्हीचे वजन तेवढे लिहून घेतले. सासूबाई पुढच्या वेळीही मायेने आल्या, त्याच्या पुढच्या वेळीही.

मग एकदा सासू-सून दोघी मिळून आल्या. शिवणवालीला दिवस गेले होते. ती माझ्यावर उभी राहिली. "एक्केचाळीस," नर्सबाई म्हणाल्या. "फार कमी आहे." शिवणवाली नुसती हसली. ती उतरली, ते शेवटचे. बाळंतपणात ती गेली आणि बाळही गेले.

त्यानंतरच्या एका दुपारी खोली रिकामी असताना माझ्यावर डावा पाय पडला. जरा थांबून उजवा. काटा एक्केचाळीसवर गेला आणि तिथेच राहिला.

दुरुस्तीवाला आला. त्याने मला उघडून पाहिले, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. तो पिशवी आवरतो न आवरतो तोच काटा पुन्हा चढला. अर्ध्यावर थांबला, मग पूर्ण. त्याने मजुरीही मागितली नाही. नवे डॉक्टर म्हणाले, "भंगारात द्या." नर्सबाई म्हणाल्या, "असू दे. एक्केचाळीस वजा केले की बरोबर येतं." तेव्हापासून बावन्न किलोची बाई उभी राहिली की मी त्र्याण्णव दाखवतो आणि नर्सबाई वजाबाकी करतात. कोणाचे एक्केचाळीस, असे कोणी विचारले तर त्या पंखा वाढवतात.

एकदा सासूबाई तान्हीला घेऊन आल्या. ती आता धावू लागली होती. सासूबाईंनी तबकडी पाहिली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"यावर कोण आहे?"

"कोणी नाही."

"आकडा मला ठाऊक आहे, बाई. ती इथं कशाला यायची? खरं सांगा."

नर्सबाईंनी सांगितले. सासूबाई बाकावर बसल्या. तान्हीला जवळ ओढून म्हणाल्या, "मला वाटलं, तिला विसावा मिळेल."

मित्रांनो, कोणी काटेकोर हिशेब मांडला तरी त्यात कोण राहून गेले, हे एकदा विचारत जा. तुमच्या घरात जी बाई सर्वांच्या आधी उठते, तिला तिच्यासाठी काय हवे आहे, हेही तिलाच विचारा. मी लोखंडाचा आहे, मला विचारता येत नव्हते.

आता सुट्टी संपली आहे. दार उघडले. सासूबाई पुढे, मागे त्यांची धाकटी सून, कडेवर तीन महिन्यांचे बाळ. धाकटी दारातच घुटमळते आहे.

"बाळाला वजनाला आणलं?" नर्सबाई जपूनच विचारतात.

"नाही. हिला आणलंय. दोन वर्षं तरी हिला उसंत हवी, असं ती स्वतः म्हणाली. मी विचारलं तेव्हा म्हणाली." सासूबाई बाळ आपल्याकडे घेतात. "आधी सुई. वजन मागाहून."

पडदा सरकतो. पलीकडून धाकटीचा "आई गं" ऐकू येतो, मग हसू. ती बाहेर येते, चपला काढते आणि माझ्यावर उभी राहते.

"अठ्ठेचाळीस," नर्सबाई वाचतात. "वजा एक्केचाळीस..." त्या थांबतात. "सात?"

सासूबाई वाकून पाहतात. "उतर गं," त्या हळूच म्हणतात.

धाकटी उतरली. काटा शून्यावर आला.