हमीदचाचांचा शब्द

त्या गुरुवारी अब्बांनी सित्र्याच्या बंदरावरून साफी मासळी आणली. काटे फार म्हणून अम्मी कुरकुरली. "बिनकाट्याची मासळी तुझ्या माहेरालाच मिळते," म्हणत अब्बांनी ती स्वतःच साफ केली.

शुक्रवारी नमाजाहून आले ते छाती धरूनच. मी म्हणाले, सलमानियाच्या सरकारी हॉस्पिटलात नेऊ, सगळे डॉक्टर तिथंच असतात.

"आधी हमीदला विचार," अब्बा म्हणाले.

हमीदचाचा आमच्या रत्नागिरीकडच्या गावचे. इथं आखातात अब्बांच्या कंपनीत विम्याची कामं तेच पाहायचे. गावच्या माणसाचा शब्द असताना अब्बांनी कधी कागद मागितला नव्हता.

"सरकारी रांगेत कशाला तडफडायचं?" चाचा फोनवर म्हणाले. "आपल्या कार्डावरच्या हॉस्पिटलात ने. हृदयाचा डॉक्टर तिथं बाहेरून येतो, तो विम्याच्या यादीत नाही. पण त्याची मंजुरी मी घेतो. आज शुक्रवारचं ऑफिस बंद, उद्या सकाळी पहिलं काम तेच. तू बिनधास्त सही कर गो."

विमा जे भरणार नाही ते अब्बांच्या कंपनीतल्या पैशांतून कापावं, अशा कागदावर मी सही केली. रविवारी अब्बा गेले. मय्यतीला पुढचा खांदा चाचांचा होता.

चाळिसाव्याच्या आधीच कंपनीनं कळवलं, हॉस्पिटलचं बिल विम्यानं भरलं, त्या डॉक्टरचं भरणार नाही. मंजुरी कुणी मागितलीच नव्हती. ती रक्कम अब्बांच्या ग्रॅच्युइटीतून कापायची होती. अम्मी रत्नागिरीला परतणार होती, ती त्याच पैशांवर.

मी हरकत घेतली. कंपनीच्या विमा विभागाच्या केरळी साहेबांनी मला आणि चाचांना समोर बसवून घेतलं.

"मला कुणाचा फोन आला नाही," चाचा इंग्रजीत म्हणाले. माझ्याकडे न बघता.

थोरांना उलट बोलायचं नाही ही अब्बांचीच शिकवण. इतक्या दिवसांत चाचांना मी एका शब्दानं जाब विचारला नव्हता. मग चाचाच आमच्या बोलीत हळूच म्हणाले, "झोहरा, मी विसरलो गो. आता कबूल केलं तर नोकरी जाईल. घरचं घरात राहू दे. तुझ्या अब्बानं मला असं उघडं पाडलं नसतं."

खरंच पाडलं नसतं.

"काय म्हणतायत हे?" साहेबांनी मला विचारलं.

मी चाचांचं एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगितलं. मग चाचांकडे वळून आमच्याच बोलीत म्हणाले, "चाचा, अब्बांनी तुमच्यावर भरवसा टाकला. तुम्ही त्यांना फसवलंत."