खुर्ची बांधणारा सरपंच

“हंसा, मत घेऊ नको! बाया सगळ्या खळ्यावर हायेत!” पंचायतीच्या दारातूनच मी ओरडले.

हंसा माझी सून आणि गावची सरपंच. बोंबील सुकवायचं आमचं खळं बोईसरच्या कारखान्यांचे ट्रक उभे करायला द्यायचं, असा ठराव पंचायतीतल्या नामदेवने ग्रामसभेत आणला होता. आणि नेमक्या आजच होड्या काठोकाठ भरून आल्या. ढीग तसाच टाकून बाई सभेला येईल कशी? दुपारपर्यंत सडेल सगळं. म्हणून तर नामदेवला घाई.

“काकी, सभा हितंच होते,” तो म्हणाला.

“पयली कुठं झाली होती? तुझ्या बापाला इचार. बोंबलाच्या पाटीवर बसला होता तो!”

पुरुष हसले. नामदेवचा बाप सर्वांत जोरात.

आमचा पाडा शिरगावच्या बाजूचा. त्याची वेगळी पंचायत झाली, तेव्हा पहिला सरपंच माझा नवरा, दादू. ऑफिसात चाकांची खुर्ची आली. ती सरकते म्हटल्यावर या पठ्ठ्याने होडीच्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधली! तालुक्याचे साहेब पोट धरून हसले. हा शांतपणे म्हणाला, “नांगर नाय टाकला तर व्हावत जाईल.” पण त्याच माणसाने गावात नळ आणला, स्मशानाला छप्पर आणलं, आणि प्रत्येक सभा खळ्यावर घेतली, बायांचे हात तिथेच असतात म्हणून. मुदत संपली तशी दोरी सोडून घरी आणली आणि दुसऱ्या सकाळी हा होडी घेऊन समुद्रात. लोक पाया पडले, पुन्हा उभा राहा म्हणून. नाही म्हणजे नाही. मी मात्र महिनाभर अबोला धरला. सरपंचीणबाई होते तोवर बाजारात माझ्याशी भाव करायची कुणाची छाती नव्हती!

गेल्या शिमग्यात लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

हंसा उठली. “चला सगळे. सभा खळ्यावर.”

शाब्बास माझी सून! मी घराकडे पळाले. “ओ सरपंच, चला, सभा हाय!” चाकांच्या खुर्चीत त्याला घातला, पाटी न्यायला घरी आलेल्या शेजारच्या गोजराबाईला हाक मारली, आणि दोघींनी खुर्ची अशी दामटली की कोंबड्या उडाल्या.

खळ्यावर बाया बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवून जोड्या बांबूंवर टांगत होत्या. सारवलेली जमीन समुद्राकडे उतरती, खुर्चीचा ब्रेक मोडका. मी तिला खांबाला टेकवली आणि पुढे घुसले.

“ट्रकांना जागा द्यायची, त्यांनी हात वर करा,” हंसा म्हणाली.

नामदेव आणि त्याचे चार सोबती. त्याच्या बापाने हात खिशात घातले.

“नको म्हणणारे?”

काय सांगू! ओले, चिकट, बांगड्यांचे हात, कुणाच्या मुठीत बोंबील तसाच लोंबकळतोय! मी दोन्ही हात वर केले.

“काकी, एकच,” ग्रामसेवक म्हणाला.

“दुसरा तुला मारायला ठेवलाय!”

ठराव पडला. बायांनी आरोळी ठोकली.

“दादूकाकांचं मत धरू का?” ग्रामसेवकाने मला विचारलं.

मी वळून पाहिलं. खांबाची सुटी दोरी त्याने खुर्चीच्या दांड्याला गुंडाळली होती. एका हाताने गाठ बसत नव्हती. म्हणून टोक मुठीत घट्ट धरून तो बसला होता.

“नको,” मी म्हणाले. “त्याचा हात कामात हाय.”