टिंबवाल्या फायली

रविवारी जेवणं झाली, बाबांचा खुर्चीतच डोळा लागला, आणि लेकीने त्यांच्या संगणकाची आवराआवर काढली.

बाबांनी एका संशोधन संस्थेच्या संगणकखोलीत एकतीस वर्षं काढली होती. चारशे माणसांची खाती त्यांच्या हाताखाली, आणि प्रत्येक खात्याला स्वतःचं एक फोल्डर. त्याला ते घर म्हणत. त्या घरात वरवर पाहिलं तर माणसाची कागदपत्रं दिसतात. नीट शोधलं तर मात्र नावाआधी टिंब असलेल्या बारक्या बारक्या फायली सापडतात, एरवी न दिसणाऱ्या. कोणाला अक्षर केवढं लागतं, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायला हवं, असल्या सवयी त्यांत लिहिलेल्या असतात. "माणूस कळायचा तर त्याच्या टिंबवाल्या फायली बघाव्यात," बाबा म्हणत, "आणि म्हणूनच दुसऱ्याच्या बघू नयेत." लोकांच्या चुका हुडकून चारचौघांत सांगायची त्यांना खोड होती. त्यामुळे संस्थेत कोणी त्यांना फारसं जवळ केलं नाही. पण त्यांच्या हातून कोणाची फाइल गहाळ झाली, असं म्हणायची कोणाची टापही नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. दोनशे चौदा टिंबवाल्या फायली, निम्म्या अशा प्रोग्रामांच्या की जे केव्हाच बंद पडले. लेक एका ग्रंथालयात सूचीचं काम करायची. पुस्तक जागेवर नसलं तर तिला घास गोड लागत नसे. बाबा तिला टापटीपबाई म्हणायचे.

तिने एक फाइल उघडली. वरच्या बाजूला बाबांनी स्वतःलाच सूचना लिहून ठेवली होती: "ही ओळ काढू नकोस. का ते आठवत नाही, पण मागे काढली होतीस तेव्हा दोन दिवस डोकं धरून बसला होतास." ती एकटीच हसली. मग तिने एक नवं फोल्डर केलं, कामाच्या फायली त्यात प्रकारवार लावल्या, मेलेल्या प्रोग्रामांच्या वेगळ्या काढल्या. प्रोग्राम आपापली फाइल जुन्याच जागी शोधायला येणार, म्हणून प्रत्येक जुन्या जागी एक लिंक ठेवली. लिंक म्हणजे दारावरची चिठ्ठी: मुक्काम हलवला आहे, नवा पत्ता अमुक.

त्यांतली एक फाइल दोनच ओळींची होती. वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, हाक मारणं संपलं. तेव्हा एका डाव्या हाताने दोन महिने खपून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की आईचा फोन घणघणायचा. कोणाला फोन लावायचा, ते त्या दोन ओळींत होतं. आईला या सोयीचं कौतुक होतं आणि जाचही. "पूर्वी दिवसातून चारदा हाका मारायचे, आता चाळीसदा," ती सांगायची. "चष्मा नाकावर असतो आणि बटण दाबून विचारतात, चष्मा कुठाय."

ती फाइलही लेकीने हलवली. हलवल्यावर बटण दाबून पाहिलं, एवढी ती शहाणी होती. स्वयंपाकघरात फोन वाजला.

"आता काय हवंय?" आतून आई म्हणाली. "आत्ताच पाणी देऊन गेले ना?"

"काही नाही गं, माझा हात लागला."

बाबांनी डोळे उघडले. "काय... करतेस?"

"धूळ पुसतेय."

"पुस," ते म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "टाप... टीपबाई." आणि पुन्हा डोळे मिटले.

काय केलं ते पुढच्या रविवारी दाखवू, चकित होतील, शिव्याही घालतील, असा तिचा बेत होता. संध्याकाळी ती आपल्या घरी गेली.

सोमवारी सकाळी दहा मिनिटं वीज गेली. परत आल्यावर आईने, शिकवलं होतं तसं, संगणकाचं बटण दाबलं, पडदा उजळलेला पाहिला आणि साडेदहाला दाढ दाखवायला दाताच्या डॉक्टरकडे गेली. शेजारणीला बसवून जाते म्हणाली, तर बाबांनी कोपऱ्यातल्या बटणाकडे बोट केलं. हे आहे की. पावणेएकला ती परतली तेव्हा ते खुर्चीतून घसरलेले होते, पाय टेबलाखाली, डावा हात कीबोर्डच्या कडेवर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा झटका. "तासभर आधी आणलं असतं, तर कदाचित..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. गिळलं तरी आईला ऐकू गेलंच.

त्या दिवसापासून आईने फोन नजरेआड होऊ दिला नाही. न्हाणीघरात जातानाही तो बरोबर, जेवताना ताटाशेजारी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. "मी त्या खुर्चीत तोंड वासून बसलेले, कानाशी ते यंत्र घरघरतंय, पिशवी बाहेर बाकावर. फोन वाजून वाजून थांबला असेल. दाढेचं एवढं काय होतं? आणखी चार दिवस कळ काढली असती तर मेले नसते मी."

कोणीतरी म्हणालं, फोनमध्ये नोंद असेल, बघा तरी. आई म्हणाली, "त्या दिवशी शंभर फोन केले, शंभर आले. घाबरून काय काय पुसलं गेलं, कोणाला ठाऊक."

लेकीला ठाऊक होतं. बाबा गेल्याच्या पाचव्या दिवशी, आई आंघोळीला गेली असताना, ती संगणकापुढे बसली होती. बाबांचा प्रोग्राम काय काय केलं ते एका फाइलीत टिपून ठेवायचा, आणि त्याने काय बोलावं ते बाबांनीच लिहिलेलं होतं. सोमवारच्या तारखेखाली अकरा वाजून आठ मिनिटांपासून अकरा एकतीसपर्यंत एकच वाक्य होतं: "हाक आली. कोणाला कळवायचं ते सापडलं नाही." नऊ वेळा.

चूक शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. दारावरच्या चिठ्ठीत पत्ता पुरता लिहायचा असतो, कुठूनही निघालं तरी पोचेल असा. तिने नव्या फोल्डरात उभं राहून 'इथून पुढे दुसरं दार' असा लिहिला आणि चिठ्ठी नेऊन लावली जुन्या दारावर. तिथून पुढे दुसरं दारच नव्हतं. रविवारी फोन वाजला, कारण प्रोग्राम ती फाइल संगणक सुरू होताना एकदाच वाचायचा आणि त्याच्या डोक्यात जुनंच होतं. वीज गेली तेव्हा तेही गेलं. संगणक एकदा बंद करून पुन्हा लावून पाहायला हवा होता. बाबांनी हे तिला शाळेत असताना शिकवलं होतं.

तिने संगणक बंद केला. आई केस पुसत आली आणि म्हणाली, "तुला ऐकू आला का फोन? मला मघापासून वाजल्यासारखा वाटतोय." लेक म्हणाली, नाही आला. तेवढंच म्हणाली. मग पाच आठवडे ती मूग गिळून बसली. रोज संध्याकाळी यायची, आईचा तोच पाढा ऐकायची, आणि पाढा संपला की म्हणायची, "तुझा दोष नाही गं." ते खरं होतं, आणि एवढ्याने भागत नाही हेही तिला कळत होतं.

सहाव्या आठवड्यात बाबांच्या हाताखाली काम केलेले काका आले. संस्थेतल्या एकाची आई अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी बाबांचा तो प्रोग्राम मिळेल का, असं विचारत होते.

"न्या ना, भाऊजी," आई म्हणाली. "कोणाच्या तरी उपयोगी पडू दे. फक्त तिला सांगा, फोन जवळ ठेव म्हणावं." आणि चहा टाकायला आत गेली.

काका संगणकापुढे बसले. लेक दाराशी उभी राहिली. त्यांना थांबवायला काही निमित्त सुचतंय का, ते ती पाहत होती. सुचलं नाही. काका नेहमीसारखे स्वतःशी बडबडत होते. "बघ, एवढं सुंदर लिहिलंय आणि मला जन्मभर म्हणाले, तुला लिहिता येत नाही." मग बडबड थांबली. ते पडद्याच्या जवळ सरकले, मजकुरात खाली गेले, वर आले. चष्मा काढून पुसला.

"वहिनी, जरा बाहेर या. आधी बसा. त्या दिवशी तुमचा फोन वाजला नाही."

"वाजला असणार. मीच..."

"वाजणं शक्य नव्हतं. साहेबांनी आदल्या दिवशी, रविवारी दोन चाळीसला, फायली आवरल्या आणि पत्ता चुकीचा लिहिला. त्यांच्या बटणाला तुमचा नंबरच मिळाला नाही. हे बघा, इथे लिहिलंय." काकांनी मान हलवली. "माझ्याकडून झालं असतं तर महिनाभर सोलून काढलं असतं मला. हात थरथरला असेल. होतं असं."

आईने ते सगळं दोनदा विचारून घेतलं. मग हातातला फोन टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्यांचं त्यांनीच," ती म्हणाली. तिला हसू आलं, कोरडं, जरा रागाचं. "भाजीत मीठ कमी पडलं तरी आठवडाभर ऐकवणारा माणूस. दुसऱ्याच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि स्वतःची काढायला राहिले नाहीत. आणि मी आपली इथे रोज मरतेय." तिने पदराने डोळे टिपले. तिचे खांदे खाली आले होते. "चहा उतू जाईल," म्हणून ती उठायला लागली.

लेकीने पाहिलं, सगळं आपोआप मिटलं होतं. आई सुटली होती. काका प्रोग्राम घेऊन जातील. मेलेल्या माणसाला दोष जड होत नाही, आणि बाबा तर धड बोलता येत होतं तेव्हाही स्वतःची बाजू कधी मांडत नसत. ती नुसती उभी राहिली असती तरी पुरे होतं. आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली.

"आई, थांब. चहा राहू दे."

"का गं?"

"रविवारी दोन चाळीसला बाबा झोपले होते."

काकांनी खुर्ची वळवली. आई दाराला धरून उभी राहिली.

"फाइल त्यांनी नाही हलवली," लेक म्हणाली. "मी हलवली. त्यांना विचारलं नव्हतं, नंतर सांगितलंही नाही. पत्ता मी चुकीचा लिहिला. आणि तुझा फोन वाजला नव्हता, हे मला पाचव्या दिवसापासून माहीत आहे."