आधी आवाज, मग पाना

फादरांच्या त्या पत्राला मिस्त्रींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता तर वर्ष उलटून गेलं होतं. पत्र साधंच होतं. आपल्या धर्मप्रांतात आता विवाहित पुरुषांनाही डीकनची, म्हणजे फादरांच्या मदतनीस सेवकाची दीक्षा देणार आहेत. संसार आणि नोकरी सांभाळून वेदीपाशी मदत करायची, बाप्तिस्मा द्यायचा, प्रवचन करायचं, आजाऱ्यांच्या घरी जायचं, मृतांना मूठमाती द्यायची. तुमचं नाव माझ्या मनात आहे, एकदा तुम्ही दोघं येऊन बोला. पत्नीची लेखी संमती नसेल तर पुढचं पाऊल टाकता येत नाही, असंही फादरांनी लिहिलं होतं.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस वाचनवेडा, पण चारचौघांत तोंडाला कुलूप. एकदा चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत बायबल वाचायला उभे राहिले, तर दुसऱ्या ओळीवरून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली. लोक नीट टेकलेही नव्हते, तोवर हे जागेवर परत. असा माणूस प्रवचन काय करणार, कपाळ? तरीही एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसलं की त्यांना आतून निवांत वाटायचं, आपण नेमके आपल्या जागी आलो आहोत असं. याला देवाचं पाचारण म्हणायचं की म्हातारपणाची हौस, ते काही त्यांना उमगत नव्हतं.

पण खरं घोडं अडलं होतं ते बायकोपाशी. पूर्वी कधीतरी चर्चमधून उशिरा आले, तेव्हा ती म्हणाली होती, "तुमचं लग्न माझ्याशी लागलंय की चर्चच्या घंटेशी?" बोलून ती विसरलीही असेल. मिस्त्रींनी मात्र तो निकालच धरला आणि पत्र तिच्यापुढे ठेवलंच नाही.

एका दुपारी ऑफिसातून फोन आला. दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, आत एक बाई आहे. त्यांची बायको त्याच दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची, पण ते काही मिस्त्रींच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी जाऊन आधी मेन स्विच पाडला, मग जिना उतरून दाराला तोंड लावलं. आधी आवाज, मग पाना, असं हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं. आतल्याला पहिल्यांदा कळलं पाहिजे की कुणीतरी आलंय. आणि नवल असं की एरवी तोंड न उघडणारा हा माणूस बंद दारासमोर अगदी सुरळीत बोलायचा.

"घाबरू नका. मी लिफ्टवाला. आत हवा येत राहते, लिफ्ट कुठेही पडत नाही. एकट्याच आहात का?"

"एकटीच आहे. आणि घाबरते कशाला? तुमच्याशी संसार केलाय मी."

"अगं, तू?"

"नाही, शेजारीण. काढा लवकर."

"जोडीदार येईपर्यंत नाही काढता येणार. वर मशीनचं चाक हातानं फिरवायला एक, इथे दाराशी एक, असा नियम आहे."

"बायकोसाठीसुद्धा?"

"बायकोसाठी तर जास्तच."

"बरं. मग बोला काहीतरी. परक्या बायकांशी तर दारातून छान गप्पा मारता म्हणे."

मिस्त्रींनी दाराच्या पत्र्याला कपाळ टेकवलं. समोर तिचा चेहरा नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं: पत्र, फादर, संमती, आजाऱ्यांच्या उशाशी वाटणारं ते निवांतपण.

"ऐकतेयस ना?"

"जाणार कुठे? ऐकतेय." मग ती म्हणाली, "एक वर्ष? आणि माझा नकार तुम्ही परस्पर देऊनही टाकलात?"

"मी कुणालाच काही सांगितलं नाही."

"तेच म्हणतेय. न बोलता नाही म्हणायची तुमची जुनी खोड आहे."

"अजून एक आहे. दीक्षा झाल्यावर तू माझ्याआधी गेलीस, तर मला दुसरं लग्न करता येत नाही. ते विचारणं अभद्र वाटलं."

"बाहेर कुणी रांग लावलीय का?" ती हसली. मग आवाज खाली आला. "माझ्या रविवारचं काय? आठवडाभर तुम्ही लोकांच्या इमारतींत. रविवारची दुपार तेवढी माझी. तीही जाणार?"

अडकलेल्या माणसाला पाच मिनिटं सांगून अर्धा तास लावायचा नाही, हेही उस्तादांनीच शिकवलं होतं.

"जाईल," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या नाही, पण बऱ्याच जातील."

"मग आज मला हो म्हणता येणार नाही."

"नको म्हणूस."

"नाही पण म्हणत नाहीये. मला विचार करू द्या. तुम्ही वर्ष घेतलंत, मला निदान लिफ्टबाहेर तरी येऊ द्या." मग ती म्हणाली, "आणि प्रवचनाची भीती सोडा. इतकं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत."

"मध्ये दार आहे म्हणून."

"मग तिथे डोळे मिटून बोला. निम्मे लोक तसेही मिटूनच बसतात."

जोडीदार आला, वर गेला, हळूहळू चाक फिरवू लागला. लिफ्ट मजल्याला लागली. मिस्त्रींनी चावीनं दार सरकवलं, तशी ती त्यांचा हात धरून बाहेर आली. डोळे लाल होते. ओढणीनं तोंड पुसत ती म्हणाली, "घरी गेल्यावर ते पत्र दाखवा."

संध्याकाळी तिनं ते दोनदा वाचलं. मिस्त्रींनी उत्तर लिहायला घेतलं आणि पानभर माफीच मागितली: मी लायक नाही, मला बोलता येत नाही, माझा घसा बसतो. तिनं पेन मागून घेतलं आणि एकेक ओळ खोडली.

"हे फादरांना ठाऊक नाही का? ठाऊक असून विचारलंय ना?"

शेवटी कोऱ्या कागदावर इतकंच उतरलं: उशीर माझ्यामुळे झाला. अजून काही ठरलेलं नाही. आम्ही दोघं येतो. खाली मिस्त्रींनी सही केली. तिनंही केली आणि वर एक ओळ जोडली: रविवारची दुपार सोडून कधीही बोलवा.

सकाळी कामावर निघताना दोघं कोपऱ्यावरच्या पेटीपाशी थांबले. पेटीची झडप जरा जड होती. तिनं ती वर धरली आणि मिस्त्रींनी पत्र आत टाकलं.