अठराव्या दिवशी चार तास

मोहनाचं डोकं फिरलं की आधी भांडी बोलायला लागायची. सांडशी आपटायची, डब्यांची झाकणं गडगडायची, आणि बडोद्यातल्या कारेलीबागेच्या त्या सोसायटीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांना कळायचं, की आज धनाजीरावांचं काही खरं नाही. नवरात्रातल्या सहाव्या माळेच्या सकाळी भांडी वाजलीच नाहीत. तिथंच त्या माणसाला समजायला हवं होतं. पण ते आपले झोपाळ्यावर बसून चहाची वाट बघत होते. चौतीस वर्षं रिफायनरीत धोक्याचे दिवे ओळखायचा पगार घेतला, पण घरातला दिवा लाल झालेला या गृहस्थांना कधी दिसला असेल तर शपथ.

आतल्या खोलीत मोहना हातात वही घेऊन उभी होती. वही साधी, शाळेतल्या पोरांची असते तशी, शंभर पानी. तिच्यात धनाजीरावांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती, आणि ती वाचून मोहनाच्या अंगाची लाही लाही झाली होती.

त्या ओळीत एवढं काय होतं ते कळायला आधी कोंबड्यांचं सांगायला हवं.

मोहनाचं माहेर बाजव्याचं. तिची आई कमळाबाई परसात कोंबड्या पाळायची. पावसाळा सरत आला की एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, अंड्यांवर कोळशानं खुणा करायची, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की कण्यांची पहिली मूठ मोहनाकडूनच टाकून घ्यायची. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा नोकरीला परगावी गेला, तरी आईचा फोन यायचा, की निघाली बघ, ये. कमळाबाईंनाही तो वंश त्यांच्या आईकडून मिळालेला. लाल-काळ्या ठिपक्यांच्या, उंच मानेच्या कोंबड्या. तशा बाजारात मिळत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात कमळाबाई गेल्या. भावानं वर्षसुद्धा होऊ दिलं नाही, घर विकून मोकळा झाला. वहिनीनं कपाटाला कुलूप तर तेराव्याच्या आधीच घातलं होतं. तुला काय हवं ते घेऊन जा, असं भाऊ मोठ्या मनानं म्हणाला तेव्हा घेण्याजोगं उरलं होतं काय, तर परसातल्या दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. मोहनानं ते तिघे टोपलीत घातले, वर आईचं जुनं लुगडं बांधलं आणि रिक्षा केली. वाटभर ती रडत होती. रिक्षावाला आरशातून बघत होता, बिचाऱ्याला वाटलं असेल की बाई कोंबड्यांसाठी रडतेय. तसं ते फारसं चूकही नव्हतं.

एक कोंबडी श्रावणात रोगानं गेली. कोंबड्याच्या आरवण्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दोन चिठ्ठ्या आल्या, त्या मोहनानं चुलीत घालायला चूल नव्हती म्हणून गॅसवर जाळल्या. उरलेली कोंबडी, चंद्री, पितृपक्षाच्या सुरुवातीला अकरा अंड्यांवर बसली, आणि त्याच संध्याकाळी परसात मुंगूस शिरलं. कोंबडा आडवा गेला आणि मेला. चंद्री अंड्यांवरून उठलीच नाही, ती बसल्या जागी मेली. राहिली ती अकरा अंडी, अजून कोमट.

आता खरं ते खरं सांगायचं. त्या वेळी धनाजीराव देवासारखे धावून आले. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल कापून त्यांनी तासाभरात पेटी जोडली. हल्ली सगळीकडे एलईडी, तो उजेड देतो पण ऊब देत नाही, म्हणून खंडेराव मार्केटमागच्या गल्ल्या पालथ्या घालून जुना पिवळा बल्ब पैदा केला. आत पाण्याची वाटी, भिंतीला थर्मामीटर, आणि साडेसदतीस अंशांवर आपोआप चालू-बंद होणारं बटण. अंडी फिरवायच्या वेळाही त्यांनीच ठरवल्या, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. रिफायनरीतल्या पाळ्या अशाच बदलायच्या. वहीत रकाने आखले: वेळ, तापमान, पाणी, शेरा. सातव्या दिवशी दोघांनी अंधार करून अंडी टॉर्चसमोर धरली. दोन नुसती पिवळी दिसली, ती काढून टाकली. नवांत लाल शिरांचं जाळं होतं, आणि मध्ये एक ठिपका हलत होता. मोहनानं पदर तोंडाला लावला. धनाजीरावांनी शेऱ्यात लिहिलं, 'नऊ चालू'.

पेटी होती आतल्या खोलीत, कारण घरात दार नीट लागतं असं तेवढंच. तिथंच एसी. म्हणजे एकवीस दिवस एसी बंद. बडोद्याचा तो ऑक्टोबरचा उकाडा, दोघं हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम होऊन झोपायचे, पण त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

मग घट बसले. धनाजीरावांच्या घराण्यात नवरात्र कडक. पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत शिलेदार होते, तेव्हापासूनची देवी. नऊ दिवस अखंड दिवा, तो विझला तर घरावर संकट. धनाजीराव रात्री दोनदा गजर लावून उठायचे आणि तेल घालायचे. आणि घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, तिथं अंडी कशी ठेवायची, असं त्यांनी पहिल्याच माळेला हळूच काढलं.

"गरोदर बाईला नवरात्रात घराबाहेर काढतात का?" मोहनानं विचारलं.

धनाजीराव दिव्यात तेल घालायला उठले. विषय मिटला असं तिला वाटलं. कुठला मिटतोय.

पाचव्या माळेला नणंद यायची होती. नलिनीताई गोत्रीला राहतात, मोठा बंगला, मोठी ऊठबस. दरवर्षी त्या दिवशी आपल्या मंडळाच्या चौदा-पंधरा बायका घेऊन त्या माहेरच्या देवीच्या आरतीला येतात. यातल्या बहुतेक जणी अशा, की अंडं हा शब्दसुद्धा उच्चारायच्या नाहीत. मोहनाचं त्याला काही म्हणणं नव्हतं. पेटी बंद खोलीत आहे, खोलीला कडी आहे, कुणाला काय कळतंय. शिवाय तो नेमका अठरावा दिवस. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही, आतली ऊब आणि ओल कोंडून ठेवायची. सकाळी सहाला तिनं शेवटचं फिरवलं, झाकणावर हात ठेवून मनातल्या मनात आईला हाक मारली, आणि दिवसभर स्वयंपाकघरात राबली. साबुदाण्याचे वडे, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा शिरा. तिनंच तळलं, तिनंच ताटं भरून धनाजीरावांच्या हाती दिली. बाहेर बायका हिंडत होत्या, मोहनाबेन बहु सरस म्हणत होत्या, आणि ती घाम पुसत हसत होती.

आणि वहीत लिहिलं होतं: '१६.०० झाकण उघडले, हळूहळू थंड. १६.३० बंद. २०.३० चालू. चालू करताना २३ अंश.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग हॉलमध्ये येऊन वही धनाजीरावांच्या मांडीवर टाकली आणि हे काय म्हणून विचारलं. आवाज अगदी खालचा होता.

धनाजीराव सांगायला लागले, आणि सांगताना त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण शहाणपणाचं सांगतोय. नलिनीला उकाडा सोसत नाही. बायकांना बसायला थंड खोली हवी होती, एसी लावावा लागला. पेटीचा उजेड दिसला असता, म्हणून बल्ब बंद करून ती पलंगाखाली सरकवली आणि वरून चादर टाकली. पण एकदम बंद केलं नाही हं, आधी अर्धा तास झाकण उघडून तापमान सावकाश उतरवलं. प्लँटमध्ये शटडाऊन असाच घेतात. एकदम थंड केलं तर तडे जातात. नीट उतरवला, नीट चढवला, की प्लँट होता तसा चालतो. त्यांनी चौतीस वर्षांत असे कितीतरी घेतले, कधी एक बोल्ट सैल झाला नाही.

मोहना ऐकत होती. हा माणूस लपवू शकला असता. वही कोरी ठेवली असती तर तिला कधी कळलंच नसतं. पण रकाना कोरा ठेवणं त्यांच्या हातून व्हायचं नाही. बायकोच्या आईची पोरं पलंगाखाली गारठवणं मात्र झालं.

ती तडक देवघरात गेली. धनाजीराव मागोमाग आले. घटावर सहा माळा लोंबत होत्या, धान्य बोटभर वर आलं होतं, आणि समईची ज्योत शांत उभी होती. मोहनानं तिच्यामागं ओंजळ धरली आणि तोंड पुढं नेलं.

"चार तास बंद ठेवते," ती म्हणाली. "आधी वात हळूहळू खाली घेते, तडे जाणार नाहीत. संध्याकाळी परत चालू करू. होता तसा चालेल."

धनाजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिचं नाव घेतलं. हात जोडले ते देवीला की बायकोला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तुमच्या बहिणीचं माहेर थंड राहावं म्हणून तुम्ही माझं माहेर विझवलंत," मोहना म्हणाली. "मला दुसरं नाही. तुम्हाला माहीत होतं."

क्षणभर तिला खरंच फुंकर मारावीशी वाटली. गाल भरलेही होते. मग तिनं ओंजळ काढून घेतली. देवीनं तिचं काय घोडं मारलं होतं? तिनं समईत तेल घातलं, उठली, आतल्या खोलीतून वायरसकट पेटी उचलून आणली आणि घटाच्या शेजारी पाटावर ठेवली. आता ज्याला यायचं त्यानं यावं आणि बघावं, ती म्हणाली. धनाजीरावांनी लांब वायर आणून जोडून दिली.

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. आठवी माळ म्हणजे एकविसावा दिवस. पेटीला कान लावला, आत काही नाही. नववी माळ गेली. बाहेर सोसायटीच्या चौकात गरब्याचा ढोल घुमत होता आणि मोहना त्या ढोलावर, गाणाऱ्यांवर, नाचणाऱ्यांवर, साऱ्या जगावर दात ओठ खात होती, कारण एवढ्या आवाजात अंड्यातली चोच ऐकू यायची कशी? धनाजीराव रात्री तेल घालायला उठायचे तेव्हा वाकून थर्मामीटर बघायचे. तिला दिसायचं. तिला त्यांची दया येत नव्हती.

दसऱ्याला सकाळी पहिली चिवचिव आली. दुपारपर्यंत तीन पिल्लं बाहेर. ओली, लटपटती, आणि पाठीवर लाल-काळे ठिपके.

संध्याकाळी नलिनीताई सोनं घेऊन आल्या, आपट्याची पानं देवीपुढं ठेवायला वाकल्या आणि चिवचिव ऐकून दोन पावलं मागं सरल्या. घटाशेजारी हे काय, देवीला हे चालतं का, लोक काय म्हणतील, त्यांनी एका दमात सगळं विचारून घेतलं. धनाजीरावांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"हळू बोला, वन्सं," मोहना म्हणाली. "माझ्या माहेरची माणसं आलीत. दमलीत."

नलिनीताईंनी पानं दिली आणि चहा न घेता गेल्या.

बाकीच्या सहांसाठी मोहनानं आणखी दोन दिवस बल्ब चालू ठेवला. मग एकेक अंडं कानाशी धरून हलवलं आणि परसात पारिजातकाखाली खड्डा करून पुरलं. परत येऊन तिनं वही धनाजीरावांपुढं ठेवली. शेवटची नोंद राहिली होती.

त्यांनी चष्मा लावला. 'एकूण नऊ. निघाली तीन. गेली सहा.' मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तापमान कमी झाले.'

आपोआप झालं का, असं मोहनानं विचारलं.

त्यांनी ते खोडलं. 'वीजपुरवठा बंद,' असं लिहिलं.

वीज गेली होती का, तिनं विचारलं.

त्यांनी तेही खोडलं. रिटायर झाले त्या दिवशी हार गळ्यात घालून घरी आल्यावर त्यांनी तिला अभिमानानं सांगितलं होतं, की चौतीस वर्षांत दोन शब्द माझ्या नावापुढं एकदाही लागले नाहीत. आता त्यांनी तेच लिहिले. 'ऑपरेटरची चूक.'

"सही," मोहना म्हणाली.

धनाजीरावांनी सही केली, सवयीनं पुढं वेळही घातली. मग मान खाली ठेवूनच विचारलं, की चहा मिळेल का.

"चार तासांनी," मोहना म्हणाली, आणि मूठभर कण्या घेऊन पिल्लांकडे गेली.